चालीविना गजर

कृष्णकांत गावड्याचं अर्धं आयुष्य शिडीवर गेलं आणि उरलेलं पेटीपुढं. मस्कतात तो एसीच्या डक्टचं काम करायचा. डक्ट म्हणजे गार हवा खोलीखोलीत पोचवणारी पत्र्याची चौकोनी नळी. ती एकदा छताआड गेली की दिसत नाही. काही वाजायला लागलं की बाकीचे मिस्त्री अख्खं छत उघडायला काढत. कृष्णकांत शिडीवर चढायचा, बोटाच्या पेरानं चार ठिकाणी टकटक करायचा, मान तिरकी धरून ऐकायचा आणि खाली उभ्या माणसाला सांगायचा, "हयसर पट्टी सुटली असा." तेवढीच फळी काढली की सुटलेली पट्टी नेमकी तिथं लोंबत असे. कंपनीचा ओमानी मालक, ज्याला सगळे अर्बाब म्हणत, तो नव्या इंजिनियरांना मुद्दाम त्याच्याबरोबर पाठवायचा. बघा म्हणायचा. ते बघायचे, आणि कुणाला काही कळायचं नाही.

हे कान त्यानं कंपनीत कमावलेले नव्हते. तो कुडाळकडचा भजनी बुवा. वयाच्या विशीत डबलबारीला बसलेला.

डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. समोरासमोर दोन मंच, दोन बुवा, दोघांच्या दोन पेट्या, पखवाज, झांज आणि पाठीमागं आपापला कोरस. रात्रभर दोघं एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात, कोडी घालतात, आणि बारी सगळ्यात रंगते ती गजराला. गजर म्हणजे दोन ओळींचं देवाचं नाव. बुवानं ते सोडायचं आणि कोरसानं उचलायचं. उचललं की मांडव हलतो. नाही उचललं तर गजर पडला म्हणतात, आणि पडलेल्या गजराचा बुवा पुढं कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर चेष्टेचा विषय होतो.

गजराच्या चाली बहुतेक सिनेमाच्या गाण्यांच्या. लोकांच्या ओठांवर जे आहे तेच घ्यायचं, त्यात आपले शब्द बसवायचे, म्हणजे कोरसाला उचलायला सोपं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कायदा एकच. त्या हंगामात जी चाल जो बुवा पहिल्यांदा बारीत आणील, ती त्याची. दुसऱ्यानं तीच घेतली तर लोक हसतात. आणि समोरच्या बुवाचा गजर आपण उचलणं, हे तर कुणी ऐकलेलंच नाही. ते म्हणजे भर बारीत डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवल्यासारखं.

ब्याण्णव साली एका जत्रेत कृष्णकांतचा गजर पडला. चाल नवीकोरी होती, कोरसाच्या तोंडात बसली नव्हती. त्यानं ओळ सोडली आणि पाठीमागं नुसता पखवाज वाजत राहिला. समोरच्या मंचावरून बुवानं पेटीवर हात ठेवून विचारलं, "बुवानु, कोरस घराकडे इसारलात काय?" मांडव हसून हसून लोळला. बायकांच्या घोळक्यात त्याची बायको प्रेमा बसली होती. लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. तीही भजनी घरातली, तिच्या वडिलांची पेटी पंचक्रोशीत नावाजलेली, त्यामुळं काय झालं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी जाताना ती त्याच्या दहा पावलं पुढं चालली. पुढच्या वर्षी तो मस्कतला आला. गजर पडला म्हणून आला असं गावात म्हणतात. तो म्हणतो व्हिसा मिळाला म्हणून आला.

मस्कतात पहिल्या वर्षी एका ओमानी म्हाताऱ्याच्या टॅक्सीत त्यानं एक हिंदी गाणं ऐकलं. पिक्चर कधीच पडला होता, पण गाण्यानं इथं मूळ धरलं होतं. रुवीपासून मत्रापर्यंत ज्या टॅक्सीत बसावं तिथं तीच कॅसेट. त्या चालीवर त्यानं आपल्या ग्रामदेवतेचा गजर बांधला:

दर्यापल्याड तुझो झील, रवळनाथा,
तुझी घंटा वाजता, माका ऐकू येता.

झील म्हणजे लेक. एवढंच. पण शुक्रवारी सकाळी अल् घुब्र्यातल्या त्यांच्या खोलीत हा गजर पहिल्यांदा म्हटला तेव्हा खाटांवर बसलेले अकरा जण काही न सांगता मागून म्हणायला लागले. त्यानंतर तो प्रत्येक गणपतीत, प्रत्येक सत्यनारायणात, कुणी कायमचा गावी निघाला की त्याच्या निरोपात होत राहिला. माणसं बदलली, खोल्या बदलल्या, परतलेल्यांच्या तोंडून तो गावीही पोचला. कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणारा सावंतवाडीचा जयप्रकाश पखवाजाला आला आणि पंचवीस वर्षं तिथंच बसला. नवीन आलेला पोरगा आधी "यल्ला" नि "खलास" हे अरबी शब्द शिकायचा, मग हा गजर. चाल कुठली हे कुणी विचारत नव्हतं. मस्कतात ती कृष्णकांतबुवाची होती.

विचारलं ते शिवांगीनं.

शिवांगी त्याच गल्लीतल्या एका फ्लॅटमध्ये वाढलेली. वडील बँकेत, आई नयना पुण्याची. मुलगी इथल्याच शाळेत शिकली, मग बंगळुरूला जाऊन सिनेमाचं शिकून परत आली. तिचं मराठी जपून पाय टाकणाऱ्या माणसासारखं. एके दिवशी त्यांच्या बैठकीतला डक्ट वाजायला लागला म्हणून कृष्णकांत शिडीवर चढला, आणि टकटक करता करता गजर गुणगुणायला लागला. ती खाली मोबाइल धरून उभी. तो उतरला तेव्हा तिनं विचारलं, तुमच्या खोलीवर येऊन शूटिंग करू का. त्याला वाटलं, पोर दोन दिवस येईल नि विसरेल. ती आठ महिने येत राहिली. बरोबर नबील, तिचा ओमानी मित्र. तो आवाजाचं काम बघायचा. कानाला मोठाले हेडफोन, हातात काठीला बांधलेला माइक. जयप्रकाशनं त्याला पहिल्याच दिवशी वडे खायला घातले आणि दुसऱ्या दिवशीपासून पखवाजाला कणीक कशी लावतात ते दाखवलं.

पस्तीस मिनिटांचा सिनेमा झाला. शेवटची तीन मिनिटं गजराची होती. कृष्णकांत पेटीवर, मागं सगळे, मग रिकाम्या खाटा, घाला भागातल्या वर्कशॉपमधला पत्रा, कुरुमच्या किनाऱ्यावरचं संध्याकाळचं पाणी, आणि त्या सगळ्यावरून त्याचा आवाज. कुरुमच्याच एका सभागृहात लघुपटांचा महोत्सव होता, तिथं सिनेमा निवडला गेला. फॉर्मवर प्रत्येक गाण्यापुढं त्याच्या मालकाचं नाव लिहायचं होतं.

"काका, शब्द तुमचे, माहितेय. पण ही ट्यून? ती पण तुमचीच ना?"

"आमचीच गो बाय. मस्कतात ही चाल पयली मी घेतलंय."

खोटं तो बोललाच नव्हता. तिनं दोन्ही रकान्यांत कृष्णकांत गावडे असं लिहिलं.

महोत्सवाला बारा दिवस राहिले होते आणि कृष्णकांतला मस्कत सोडायला पंधरा. गुडघे शिडी चढू देत नव्हते, अर्बाबनं मानानं मोकळं केलं होतं, तिकीट आलं होतं. गावी त्यानं फोनवरून प्रेमाला एकच सांगितलं होतं की सिनेमात आपला गजर आहे, हॉलभर माणसं ऐकतील. ती "होय?" म्हणाली होती. जत्रेनंतर तिनं त्याला कधी गजर म्हणायला सांगितलं नव्हतं, त्यानंही गावात पुन्हा बारीला पाय ठेवला नव्हता. दर सुट्टीला पेटी काढायची, दोन अभंग म्हणायचे नि ठेवून द्यायची. सिनेमाचं सांगितल्यावर मात्र ती आठवड्याला विचारायला लागली, कधी आहे म्हणून.

त्या बारा दिवसांतल्या पहिल्या शुक्रवारी नबीलनं शिवांगीला बोलावून सिनेमा घरी लावला. त्याची आजी, जिला घरात हबूबा म्हणतात, गालिच्यावर खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन बसली होती. वय ऐंशीच्या वर. हिंदी एक वाक्य येत नाही. सिनेमा संपत आला, कृष्णकांतनं पेटीवर सूर धरला, आणि हबूबा त्याच्याबरोबर गायला लागली. हिंदी शब्द. मुखडा अख्खा, न अडखळता, त्या म्हाताऱ्या कोरड्या गळ्यातून. तिचा नवरा टॅक्सी चालवायचा आणि ती कॅसेट त्याच्या गाडीत दोन वर्षं अडकून बसली होती, काढली तरी निघायची नाही, असं तिनं सांगितलं. मग शिवांगीकडं बघून कौतुकानं म्हणाली, बरं केलंस, माझं गाणं घातलंस.

शिवांगीचा काहवा हातातच राहिला.

गाणं मुंबईच्या एका कंपनीच्या मालकीचं निघालं. तिनं पत्र लिहिलं. पत्र मिळालं, असं आपोआप आलेलं उत्तर मिळालं, आणि त्यापुढं काही नाही. महोत्सववाल्यांनी सांगितलं, परवानगी नसेल तर चाल काढा, नाहीतर सिनेमा काढा. तिनं रात्रंदिवस बसून शोधून एक फुकटचं संगीत त्या तीन मिनिटांवर चढवलं आणि सोमवारी दुपारी खोलीवर आली. बॅग भरायला काढलेली, खाटेवर कपड्यांचे ढीग. तिनं सगळं सांगितलं. रागावली नाही, पण तिचा आवाज रागावलेल्यापेक्षा वाईट होता. म्हणाली, काका, तुम्ही मला सिनेमाचं गाणं आहे असं का नाही सांगितलं?

कृष्णकांतला खरंच कळेना की यात सांगण्यासारखं काय होतं. त्यानं बारीचा कायदा समजावला. ती ऐकत राहिली. मग तिनं लॅपटॉप उघडून नवं संगीत ऐकवलं. बासरी होती, मागं काहीतरी गूं गूं करत होतं. पडद्यावर त्याचं तोंड हलत होतं आणि त्यातून बासरी निघत होती.

जयप्रकाश म्हणाला, "बुवा, तू मेल्यावर लावतत तसला वाटता ह्या."

कृष्णकांत हसला नाही. त्यानं तीन मिनिटं पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाला, आता आवाज बंद कर. बंद आवाजात बघितली. डक्टच्या खाली उभा राहतो तशी मान तिरकी.

"चाल तेंची, शब्द माझे. पखवाज कोणाचो?"

"जयप्रकाशकाकांचा."

"झांज?"

"तुमच्या लोकांची."

"मगे माझो आवाज नि पेटी काढून टाक. कोरस पण काढ. पखवाज नि झांज ऱ्हवांदे."

शिवांगीला वाटलं, चिडून म्हणतोय. ती म्हणाली, तुमचं नुसतं तोंड हलताना दिसेल, लोकांना वाटेल मशीन बिघडलं. तो म्हणाला, गजर हा असाच असतो गो. बुवानं ओळ सोडायची असते. गाणारे दुसरेच असतात.

गजराच्या शूटिंगला नबीलनं प्रत्येक जणापुढं वेगळा माइक लावला होता म्हणून ते जमलं. त्यानं त्याच संध्याकाळी आवाज वेगळे केले. तीन मिनिटं नुसता ठेका राहिला. महोत्सववाल्यांना त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही.

जयप्रकाशची एक सूचना होती. शुक्रवारी हॉलवर आपले चाळीसएक जण येणार, सगळ्यांना फोन करून ठेवू, तोंड हललं की म्हणा म्हणून. कृष्णकांतनं त्याला रवळनाथाची शपथ घातली. सांगून उचलला तर तो गजर नव्हे.

"आणि नाय उचलल्यानी तर?" जयप्रकाशनं विचारलं.

कृष्णकांत शर्टाची घडी घालत राहिला. ती घडी त्यानं तीनदा मोडली.

शुक्रवारी चार वाजता सभागृह भरलं. डाव्या अंगाला आपली माणसं, इस्त्रीचे शर्ट, केसाला तेल, कधी नव्हे ते गप्प. उजवीकडं नबीलचं घर, पुढच्याच रांगेत हबूबा, दोन्ही बाजूंना दोन मुली. मध्ये इंग्रजी बोलणारी मदिनत सुलतान काबूस या बड्या वस्तीतली मंडळी. कृष्णकांत डावीकडं कडेच्या खुर्चीवर, म्हणजे उठून जायला सोपं.

सिनेमा चालला. शिडी आली तेव्हा लोक हसले, जयप्रकाशचे वडे आले तेव्हा पुन्हा. मग पखवाज सुरू झाला. पडद्यावर कृष्णकांतनं पेटीवर बोटं ठेवली, तोंड उघडलं, आणि तोंडातून काही आलं नाही.

पहिली ओळ अशी गेली. दुसरी गेली. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, आवाज गेलो रे. एक जण ऑपरेटरच्या खोलीकडं वळून बघायला लागला. मधल्या मंडळींना वाटलं असावं की हे असंच आहे, कलेचं काहीतरी. जयप्रकाश दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, शपथ मोडायला नको म्हणून. कृष्णकांत गुडघ्यांकडं बघत होता. पखवाज वाजत होता, मागं कुणी नव्हतं. हे त्यानं आधी एकदा ऐकलं होतं.

तिसऱ्यांदा ओळ फिरून आली आणि उजव्या अंगाकडून एक आवाज उठला. कोरडा, म्हातारा, अगदी बिनधास्त. हबूबा हिंदी शब्द गात होती. मुलींनी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. तिच्या मते मशीन बिघडलं होतं आणि गाणं तिला येत होतं, मग बसून राहायचं कशाला.

डावीकडच्या चाळीस जणांना चाल कानावर पडली मात्र, जागेवरच चुळबुळ झाली. आपल्या बुवाचा गजर, आणि तो पलीकडच्या अंगाकडून येतोय. कुणी आधी सुरुवात केली ते नंतर कुणालाच नीट सांगता येईना. "दर्यापल्याड तुझो झील" इथं दोघंतिघं होते, "रवळनाथा"ला पंधरावीस, आणि घंटेपाशी पोचेपर्यंत सगळे. तिकडून ती हिंदीत, इकडून हे मालवणीत, मध्ये एक रिकामा पट्टा, पडद्यावर हलणारं तोंड. चाल एक. शब्द एकमेकांच्या अंगावरून जात होते आणि कुठं आपटत नव्हते. हबूबा श्वासाला थांबली की हे तिची ओळ भरून काढत. यांचा गजर फिरून सुरू व्हायच्या आत ती पुढं जाऊन उभी असे. तिच्या मुली गायला लागल्या. मागच्या रांगांतले आणखी काही ओमानी म्हातारे मान हलवत गायला लागले, त्यांच्याही टॅक्सीत ती कॅसेट असणार. मधली मंडळी शब्द येत नसल्यानं नुसता सूर धरून होती. नबील भिंतीला टेकून उभा होता, डोळ्यांवर हात. शिवांगीला पडद्याकडं बघायचं भान राहिलं नाही, ती खुर्चीत उलटी वळून लोकांकडं बघत होती.

कृष्णकांत गायला नाही. बुवा गजर सोडतो, उचलत नाही. त्याच्या हाताची बोटं मात्र गुडघ्यावर पेटी वाजवत होती. खुर्चीला, खुर्चीखालच्या फळीला, अख्ख्या हॉलला काहीतरी झालं होतं, आणि त्याच्या कानांना ते नेमकं कुठून येतंय हे आयुष्यात पहिल्यांदा सांगता आलं नसतं.

तीन मिनिटं संपली.

दिवे लागल्यावर तो उठला आणि बारी संपल्यावर बुवानं समोरच्या बुवाला भेटायला जावं तसा सरळ उजव्या अंगाला गेला. हबूबासमोर हात जोडून उभा राहिला. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि अरबीत काहीतरी लांबलचक बोलली. नबीलनं हसू दाबत तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की आजी म्हणते, आवाज बरा आहे तुझा, घरी ऐकला होता, पण तुझा ढोलवाला लय सोडून पुढं पळतो.

जयप्रकाशला हे मागं उभ्यानं ऐकू आलं. "पंचवीस वर्सां वाजवतंय," तो म्हणाला, "आजून कोण असा बोलूक नाय." आणि मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "शेवटाक जरा पळालंय खरा."

बाहेर पार्किंगमध्ये ऊन उतरत होतं. कृष्णकांतनं भिंतीच्या सावलीत उभं राहून प्रेमाला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला तिनं, म्हणजे फोन हातातच धरून बसली होती. झाला काय, तिनं विचारलं. झाला म्हणाला.

"गजर?"

"उचलल्यानी."

"आपल्या कोरसान?"

"नंतर कोरसान. पयलो समोरच्या बुवान."

प्रेमा बापाच्या मांडीवर बसून बाऱ्या ऐकत मोठी झालेली बाई. समोरच्या बुवानं गजर उचलल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ फोनवर कोंबडीचं ओरडणं तेवढं येत होतं.

मग ती म्हणाली, "म्हण बघू एकदा. माका ऐकूचो असा."

गाड्या निघत होत्या, माणसं हाका मारत होती. कृष्णकांतनं घसा साफ केला, भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पहिली ओळ सोडली. ती संपायच्या आत फोनमधून दुसरी यायला लागली होती.